कुत्र्याचं पोट बिघडलं, तर आधी शी पाहा

पावसाळा लागला की कुत्रा पाळणाऱ्या वाचकांचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. 'दोन दिवस पातळ शी होतेय, दही-भात देतोय, तरी थांबत नाही.' 'सकाळी पिवळं पाणी ओकतो आणि मग दिवसभर नीट खेळतो.' 'आमची जुलाबाची गोळी अर्धी करून दिली तर चालेल का?' औषध काय द्यायचं हे सगळेच विचारतात. पण शीचा रंग कसा होता, उलटीत काय पडलं, काल काय खाल्लं, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, यातलं काहीच प्रश्नात नसतं. खरं तर एवढं नीट पाहिलं, की पुढचा निर्णय बराचसा घरीच होतो : एक दिवस थांबायचं, उद्या दाखवायचं, की आत्ताच्या आत्ता निघायचं. तो निर्णय तुम्हाला घेता यावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी काय पाहायचं?

शी पाहायची किळस वाटते, हे समजू शकतं. पण कुत्र्याला बोलता येत नाही आणि पोटात काय चाललंय ते सांगणारी सर्वांत स्वस्त तपासणी हीच आहे. फिरायला नेता तेव्हा रोज एक नजर टाका. चांगली शी तपकिरी असते, तिला आकार असतो, उचलली तर मोडत नाही आणि जमिनीवर फारशी चिकटून राहत नाही. तुमच्या कुत्र्याची नेहमीची शी कशी असते हे माहीत असेल, तरच बिघाड चटकन ओळखता येतो.

बिघडल्यावर हे बघा :

- थोडी थोडी, वारंवार, कुंथून, शेंबडासारखी आव असलेली : त्रास बहुधा मोठ्या आतड्यात आहे. शेवटी ताज्या लाल रक्ताचा एखादा थेंब पडतो. दिसायला भीतीदायक असलं, तरी कुत्रा खेळत-खात असेल तर हे सहसा जीवघेणं नसतं.
- एकदम भरपूर, पाण्यासारखी, दिवसातून दोन-चारदाच : त्रास लहान आतड्यात. यात अंगातलं पाणी लवकर जातं.
- डांबरासारखी काळी, चिकट : जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव झाला असू शकतो. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही असं दिसतं. लोहाच्या औषधानंही शी काळी होते, तेव्हा ते चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.
- पांढुरकी, तेलकट, ढीगभर : अन्न पचतच नाही आहे. याबद्दल पुढे लिहिलं आहे.
- तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे : पट्टकृमी. शेपटीखालच्या केसांतही चिकटलेले सापडतात.

उलटीतही फरक करा. पोट आत-बाहेर होऊन, उबळ येऊन पडते ती उलटी. काही जोर न लावता, खाल्लेलं जसंच्या तसं नळीच्या आकारात बाहेर पडतं, तो प्रकार अन्ननलिकेचा असतो आणि त्याचे उपचार वेगळे. दोन्हींत गोंधळ होतो, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तुमच्या वर्णनापेक्षा तो दहा सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचा असतो.

मग हिरड्या. वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबून सोडा : पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी बोटाला चिकट लागली, किंवा मानेवरची चिमटीत धरून सोडलेली कातडी लगेच खाली बसली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालंय. कुत्र्याची हिरडी जन्मतः काळी असेल, तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. नुसता हात लावून 'अंग गरम लागतंय' म्हणण्यात काही अर्थ नाही.

हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका

- सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि त्याला उलट्या किंवा जुलाब. लस अपुरी असेल तर एक तासही दवडू नका.
- पोट फुगून ताठ झालंय, कुत्रा ओकायला बघतोय पण काहीच पडत नाही, लाळ गळतेय, बेचैन आहे. जठराला पीळ पडला असण्याची शक्यता मोठी असते. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे जास्त होतं आणि शस्त्रक्रिया हाच उपाय असतो. इथे हिशेब दिवसांचा नाही, तासांचा असतो.
- प्यालेलं पाणीसुद्धा पोटात टिकत नाही.
- रक्ताचे जुलाब, विशेषतः जॅमसारखे लालभडक, किंवा काळी शी.
- हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या.
- उभं राहता येत नाही, हाक मारली तरी मान वर करत नाही.
- उंदराचं औषध, चॉकलेट, कोय, हाड, मोजा, दोरा असं काही गिळल्याची शंका.

शेवटच्या मुद्द्यात एक धोका आहे. गिळलेलं बाहेर काढायला मिठाचं पाणी पाजतात. पाजू नका. मिठाची विषबाधा होते आणि टोकदार वस्तू असेल तर ती येताना अन्ननलिका फाडते. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तोही ओढू नका, आतडं चिरतं.

मोठा कुत्रा, पातळ शी, पण तरतरीत आहे

असं असेल तर घरी एक-दोन दिवस सांभाळता येतं. 'पोटाला विश्रांती' म्हणून दिवस दिवस उपाशी ठेवायची पद्धत होती, ती आता मागे पडली आहे. नुसते जुलाब असतील आणि भूक असेल तर खायला द्या, फक्त हलकं आणि थोडं. उलट्याही होत असतील तर मोठ्या, निरोगी कुत्र्याला सहा ते बारा तास अन्न थांबवता येतं, पाणी मात्र चमच्या-चमच्यानं चालू ठेवायचं. पिल्लं, चिमुकल्या जातींचे कुत्रे आणि मधुमेही कुत्रे यांना उपाशी ठेवू नका. रक्तातली साखर उतरते आणि एकावर दुसरं संकट येतं.

हलकं जेवण असं करा : बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन नुसत्या पाण्यात उकडा. त्यात मीठ, हळद, तेल, आलं-लसूण काही नको. चिकन एक वाटी तर आसट भात दोन वाट्या. रोजचं जेवण दोन वेळा देत असाल तर हे चार-पाच वेळा, थोडं थोडं. उकडून कुस्करलेला लाल भोपळा घाला : छोट्या कुत्र्याला एक चहाचा चमचा, लॅब्रॅडॉरसारख्याला दोन-तीन मोठे चमचे. त्यातल्या तंतूंमुळे शी बांधली जाते. घरात मांसाहार होत नसेल तर उकडलेलं अंडं आणि भात. तेही चालत नसेल तर मुगाच्या डाळीचं बिनफोडणीचं वरण आणि आसट भात, पण हे दोन-तीन दिवसांपुरतंच. शी बांधली की तीन-चार दिवसांत नेहमीचं जेवण हळूहळू मिसळत जा.

पाण्यात साधं ओआरएस मिसळून ठेवलंत तर हरकत नाही. आवडलं तर पिईल. त्याच्या शेजारी साध्या पाण्याचं भांडंही असू द्या. शुगर-फ्री पेय मात्र देऊ नका. त्यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. दह्याबद्दल सगळेच विचारतात. रोज दही पचत असेल तर चमचाभर द्या, ते औषध नव्हे. ज्याला दुधानं जुलाब होतात त्याला दही देऊन पाहायची ही वेळ नाही.

अठ्ठेचाळीस तासांत फरक पडला नाही, किंवा मधेच उलट्या, ताप, मरगळ सुरू झाली, तर दवाखाना.

सकाळी रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकणाऱ्या कुत्र्याचा मामला बहुतेक वेळा साधा असतो. रात्री सात-साडेसातला जेवण आणि मग सकाळपर्यंत काही नाही, त्यामुळे पित्त जठरात येतं. झोपताना थोडंसं खायला द्या. आठवडाभर असं करूनही ओकत असेल तर दाखवा.

आपल्या औषधांचा डबा बंद ठेवा

हे कळकळीनं सांगायचं आहे, कारण नुसत्या जुलाबानं बरा झाला असता असा कुत्रा गोळीनं दगावू शकतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या जठराला व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटॅमॉलनं यकृत. जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी संसर्ग किंवा विषबाधा असेल तर घाण आतच अडवून ठेवते आणि कोलीसारख्या काही जातींत थेट मेंदूवर परिणाम करते.

मेट्रोनिडाझोलचं तर वेगळंच. आपल्याकडे पोट बिघडलं की ही गोळी हवीच असा समज आहे, माणसांतही आणि कुत्र्यांतही. साध्या, अचानक आलेल्या जुलाबांत अँटिबायोटिकची गरज नसते. ते आपोआप थांबतात आणि गोळीनं आतड्यातले चांगले जंतू मात्र मरतात. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. डॉक्टरांनी लिहून दिली तर 'नेमकी कशासाठी?' असं नम्रपणे विचारा.

रोजचं जेवण : पोळी-दूध पुरत नाही

कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहिला आणि पिष्ट पचवायला शिकला. शिजवलेला भात, पोळी, भाकरी त्याला पचते. 'भातानं खरूज होते' हे खरं नाही. पण पचतं म्हणजे पुरतं असं नाही. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. मध्यम पोळी साधारण शंभर कॅलरींची. चार पोळ्या दुधात कुस्करून दिल्या की त्याचं पोट भरतं, वजन वाढतं, पण प्रथिनं, कॅल्शियम आणि आवश्यक स्निग्ध आम्लं अपुरी राहतात. शिवाय आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकद बऱ्याच कुत्र्यांत कमी होते. रोजच्या पातळ शीचं कारण कित्येक घरांत एवढंच असतं. आठ दिवस दूध बंद करून पाहा.

नुसतं चिकन-भात हेही वर्षानुवर्षांचं जेवण नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाचे पाय यानं वाकतात. घरचंच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोठ्या जातींच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात, तेव्हा अंदाजानं टॉनिक ओतू नका. कलेजी-पेटा स्वस्त म्हणून रोज देणारेही आहेत. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, थोडी. रोज दिली तर जुलाब होतात आणि अ जीवनसत्त्व साठत जातं.

पाकिटातलं खाद्य घेत असाल तर त्यावर 'कम्प्लीट' म्हणजे संपूर्ण आहार असं लिहिलंय का आणि कोणत्या वयासाठी, हे वाचा. आपल्या खाण्यावर देखरेख ठेवणारा अन्न सुरक्षा कायदा जनावरांच्या खाद्याला लागू होत नाही, त्यामुळे पाकीट तपासायची जबाबदारी तुमच्यावर जास्त येते. सुटं, पोत्यातून काढून वजनावर विकलेलं खाद्य टाळा. उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृत खातं.

खाद्य बदलायचं तर सात ते दहा दिवस घ्या : पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. ब्रीडरकडून किंवा आश्रयगृहातून आणलेल्या पिल्लाला पहिले काही दिवस तिथलंच खाणं चालू ठेवा. नवं घर, नवी माणसं आणि नवं जेवण हे सगळं एकाच दिवशी नको. खाऊ, बिस्किटं, ट्रीट मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नयेत. घरातली पाच माणसं प्रत्येकी दोन ग्लुकोज बिस्किटं देत असतील, तर हा हिशेब कधीच ओलांडलेला असतो.

सणाचं ताट, आंब्याची कोय

आपल्या घरांतली खरी जोखीम इथे आहे. दिवाळीत चकली, शेव, करंजी, गौरी-गणपतीत तूप सोडलेले मोदक, मटणाचा रस्सा. एकदम एवढी चरबी पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते. दोन-एक दिवसांत उलट्या, पोटदुखी सुरू होते; कुत्रा पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग वर धरतो. हा आळस देण्याचा प्रकार नव्हे, पोट दुखतंय.

- कांदा, लसूण : रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवून, तळून, वाटून हे विष जात नाही आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. 'नुसता रस्सा दिला' म्हणजे कांदा-लसूणच दिला.
- बेदाणे, मनुका, द्राक्षं : मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. लाडू, शिरा, पुलाव यांतून हे पोटात जातं.
- चॉकलेट : जितकं कडू तितकं घातक.
- शिजवलेली हाडं : टोकदार कपच्या निघतात. कोंबडीची सर्वांत वाईट.
- आंब्याची कोय, मक्याचं बुटुक : उन्हाळ्यात कोय, पावसाळ्यात बुटुक. दोन्ही आतड्यात अडकतात आणि एक्स-रेवर स्पष्ट दिसतीलच असं नाही. म्हणून काय गिळलं ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, सोनोग्राफी करता येते.

पाहुणे येणार असतील तर त्यांना दारातच सांगा, आणि कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या.

जंत, लस, गोचीड

पिल्लाला जंताचं औषध दोन आठवड्यांचं असल्यापासून, साधारण तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. पुढे आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर असते. घरच्या वजनकाट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. पट्टकृमी पिसवांमधून येतात, तेव्हा पिसवा न मारता नुसतं औषध दिलं तर ते महिन्याभरात परत दिसतील. गोलकृमी आणि आकडेकृमी माणसांना, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना, होऊ शकतात. म्हणून शी लगेच उचला.

पार्व्हो हा पिल्लांचा काळ आहे. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, दोन दिवसांत पिल्लू निपचित. लस सहा ते आठ आठवड्यांची असताना सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर यायला हवा. दोन डोसांवर थांबणारे लोक पुष्कळ आहेत. आईकडून मिळालेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस लागू पडत नाही, म्हणून तो शेवटचा डोस महत्त्वाचा. 'आमचं देशी आहे, त्याला काही होत नाही' यावर विसंबू नका. रस्त्यावरची देशी पिल्लं पार्व्होनं मोठ्या संख्येनं मरतात. घरात पार्व्हो होऊन गेला असेल तर फरशी फिनेलनं पुसून विषाणू जाईल असं समजू नका. एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून पुसा, दहा मिनिटं राहू द्या. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू त्या अंगणात आणू नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. उलट्या, ताप, पिवळे डोळे ही त्याची लक्षणं आणि तो माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. गोचिडांचं औषध बारमाही चालू ठेवा. भूक मेली, ताप आहे, हिरड्या फिक्या आहेत, असा 'पोटाचा' आजार अनेकदा गोचीडतापच निघतो.

पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

तीन आठवड्यांहून जास्त किंवा दर महिन्याला हा त्रास होत असेल, तर दर वेळी पाच दिवसांचं औषध घेऊन परतू नका, कारण शोधायला सांगा. सुरुवात शीच्या तपासणीनं. नमुना ताजा, स्वच्छ डबीत. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. जिआर्डियासारखे जीव रोज शीतून पडत नाहीत, म्हणून एक नमुना स्वच्छ आला तरी दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. मग रक्ततपासणी, सोनोग्राफी. खाण्याची ॲलर्जी आहे का हे पाहायला, पूर्वी कधी न दिलेल्या प्रथिनाचा आहार काही आठवडे काटेकोर द्यावा लागतो. मधे एक बिस्किट दिलं तरी तो प्रयोग फुकट जातो. भूक राक्षसासारखी, वजन मात्र उतरतंय आणि शी ढीगभर पांढुरकी, असा जर्मन शेफर्ड असेल तर स्वादुपिंडाची विकरं तपासून घ्या. ती कमी असली तर प्रत्येक जेवणात विकरांची पूड मिसळून कुत्रा वर्षानुवर्षं चांगला राहतो. निदान न झाल्यानं मात्र असे कुत्रे उपासमारीनं खंगतात.

दवाखान्यात काय मागावं?

१९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. पेट शॉपवाला, ट्रेनर, ब्रीडर यांनी दिलेली इंजेक्शनं घेऊ नका. औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी, पैशांची पावती, तपासण्यांचे अहवाल आणि लशीच्या कार्डावर लशीचं लेबल, हे सगळं मागून घ्या. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांत हलगर्जी झाली तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते, आणि तेव्हा हीच कागदपत्रं कामी येतात. शस्त्रक्रियेआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

खर्च झेपत नसेल तर उपचार टाळू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाईम्हशींसाठी नसतात. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कुत्रेही तपासतात आणि मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत माफक दरात उपचार होतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं पाळीव जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा मालकाचा गुन्हा ठरवला आहे, हेही ध्यानात असू द्या.

आज एवढं करा : कुत्र्याचं वजन घ्या, जंताच्या औषधाची आणि लशीची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात रात्री कोणता पशुवैद्यकीय दवाखाना उघडा असतो ते फोन करून विचारा. तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.